जमिनीवरचे कपटे : ली क्रास्नरच्या कोलाजचं प्रकरण

1953 साल. न्यूयॉर्क शहरापासून शंभरेक मैलांवर, लाँग आयलंडच्या पूर्व टोकाकडे स्प्रिंग्ज नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या एका घरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची एक चित्रकार आपल्या स्टुडिओत शिरली. भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत तिचीच काळी-पांढरी रेखाटनं टाचलेली होती. तिला ती सगळीच्या सगळी नकोशी झाली. एकेक ओढून काढलं, फाडलं, खाली टाकलं आणि दार लावून ती निघून गेली. पुढे काही आठवडे त्या खोलीकडे फिरकलीच नाही. परत दार उघडलं तेव्हा जमीन कपट्यांनी झाकून गेली होती. ते कपटे पाहताना तिला त्यांत गंमत वाटू लागली आणि ती ते चिकटवायला बसली.

ही चित्रकार म्हणजे अमेरिकेची ली क्रास्नर. तिने हा प्रसंग दहा-पंधरा वर्षांनी मुलाखतींत सांगितला. आपण हे का केलं ते माहीत नाही, पण केलं खरं, असा तिचा सूर होता. कलाशाळेच्या वर्गात सांगायला फर्मास गोष्ट आहे. विध्वंस झाला, मग निर्मिती झाली, घंटा वाजली, वर्ग सुटला. मला मात्र या गोष्टीत फाडण्यापेक्षा बंद दाराचे ते आठवडे महत्त्वाचे वाटतात. आणि त्यापुढची दोन वर्षं, ज्यांत तिने आपल्याच कामावर कात्री चालवली, ती तर त्याहून. अंतर्मुख चित्रकार म्हटला की आपल्याकडे डोळे मिटून बसलेला माणूस नजरेसमोर येतो. इथे डोळे उघडे आहेत आणि हातात कात्री आहे.

आधीचं थोडं सांगायला हवं. क्रास्नरचा जन्म 1908चा, ब्रुकलिनमधला. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू स्थलांतरित. लहानपणी ती हिब्रू लिहायला शिकली, म्हणजे उजवीकडून डावीकडे. पुढे कॅनव्हासवरसुद्धा उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करण्याची तिची सवय त्या लिपीतून आली असावी, असं तिलाच वाटे. कूपर युनियन, मग नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन, आणि 1937पासून हान्स हॉफमन या जर्मन चित्रकाराच्या शाळेत तीनेक वर्षं. हॉफमनने तिच्या एका चित्राला दिलेली दाद तिने आयुष्यभर सांगितली : इतकं चांगलं आहे की बाईने काढलंय हे कळणारही नाही!

या हॉफमनची शिकवण्याची एक खोड होती. विद्यार्थ्याचं रेखाटन तो सरळ फाडायचा आणि तुकडे इकडेतिकडे सरकवून दाखवायचा की बघ, आता या जागेत ताण आला. चित्र फाडणं म्हणजे चित्र संपणं नव्हे, हा धडा क्रास्नरला 1953च्या कितीतरी आधी मिळालेला होता. युद्धकाळात 1942मध्ये सरकारी कला-योजनेखाली दुकानांच्या दर्शनी खिडक्यांसाठी युद्धप्रशिक्षणाची जाहिरात करणारी सजावट झाली. त्या गटाची प्रमुख तीच होती आणि ते कामही छायाचित्रांच्या कातरणांतून जुळवलेलं होतं. म्हणजे कपटे पाहून तिला अचानक साक्षात्कार झाला, हे काही खरं नाही. हाताला सवय होती. मनाला परवानगी द्यायला वेळ लागला.

1945च्या ऑक्टोबरमध्ये तिने जॅक्सन पोलॉकशी, म्हणजे जमिनीवरच्या कॅनव्हासवर रंग शिंपडून काढलेल्या चित्रांसाठी पुढे गाजलेल्या चित्रकाराशी, लग्न केलं आणि दोघं स्प्रिंग्जला राहायला गेली. कोठार पोलॉकला मिळालं, वरच्या मजल्यावरची झोपायची खोली क्रास्नरला. त्याचे कॅनव्हास कोठाराच्या जमिनीवर पसरले. तिची त्या काळातली चित्रं, ज्यांना 'लिटल इमेजेस' म्हणतात, खोलीतल्या टेबलावर मावतील एवढीच राहिली. खोलीच्या मापाने चित्राचं माप ठरतं, हे कुठल्याही दोन खोल्यांच्या घरात चित्रं काढणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

1951च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बेटी पार्सन्स गॅलरीत तिचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. चौदा चित्रं, शांत रंगांच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची. एकही विकलं गेलं नाही. पुढच्या वर्षी पोलॉक ती गॅलरी सोडून दुसरीकडे गेला आणि पार्सन्सने क्रास्नरचंही काम दाखवणं थांबवलं. चौदाच्या चौदा कॅनव्हास घरी परत आले.

ही चौदा चित्रं लक्षात ठेवा, कारण या प्रकरणाचा खरा कणा तीच आहेत.

फाडलेल्या रेखाटनांपासून सुरू झालेलं काम 1953-54मध्ये आधी कागदावर, बरंचसं काळ्या-पांढऱ्यात झालं. मग 1954 ते 55 या काळात त्याचा आकार वाढला आणि रंग आला. आणि या मोठ्या कोलाजांना, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांना, जमीन म्हणून तिने काय घेतलं? पार्सन्समधून न विकता परत आलेले तेच कॅनव्हास. त्यांच्यावर तिने फाडलेली रेखाटनं चिकटवली, आपल्याच दुसऱ्या तैलचित्रांच्या कापलेल्या पट्ट्या चिकटवल्या, 'ब्लू लेव्हल'मध्ये तर गोणपाटही लावलं, आणि मधल्या जागांत तेलरंगाने पुन्हा काम केलं. चौदांपैकी अगदी मोजकी चित्रं मूळ रूपात उरली.

नाराज चित्रकार जुनी चित्रं कशी संपवतो ते आपण पाहिलेलं असतं. पांढऱ्याचा एक हात मारला की कॅनव्हास कोरा. क्रास्नरने तसं केलं नाही. काही कोलाजांत कपट्यांच्या फटींतून 1951च्या उभ्या पट्ट्या दिसत राहतात. जुनं चित्र खोडलं नाही, त्याच्यावर बोलणं चालू ठेवलं. वहीखात्यात चूक झालेली नोंद खोडायची नसते, पुढची दुरुस्तीची नोंद करायची असते. तसाच काहीसा हिशेब आहे हा. तिने आपल्या कामाचं लेखापरीक्षण केलं आणि ते करताना मूळ पावत्या जपून ठेवल्या.

'मिल्कवीड' हे 1955चं चित्र घेऊ. आता ते बफलोच्या कलासंग्रहालयात आहे. उंची दोन मीटरांहून थोडी जास्त, म्हणजे माणसापेक्षा मोठं. काळ्या आणि फिकट रंगांचे लांबुळके उभे तुकडे, पानासारखे म्हणावे तर पानं नाहीत, आणि मधेच नारिंगीची एक तिरीप. मिल्कवीड ही आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. बोंड फुटलं की म्हाताऱ्या उडतात, चीक निघतो. चित्रात रोप शोधायला गेलात तर सापडणार नाही. पण फाडलेल्या कागदाची कड बघा. कात्रीने कापलेल्या कॅनव्हासची कड सुरीसारखी सरळ आणि जाड असते, तिची सावली पडते. फाडलेला कागद कडेला पांढरा, तंतुमय, पिंजलेला राहतो. या दोन कडा शेजारी ठेवून ती रेषा काढते. ब्रशने रेषा ओढायची गरजच उरत नाही. रागाने फाडलेली कड आणि शांतपणे कापलेली कड एकाच चित्रात नांदतात, आणि मला वाटतं तिच्या त्या दोन वर्षांच्या मनःस्थितीबद्दल यापेक्षा जास्त सांगणारं दुसरं काही नाही.

'बाल्ड ईगल' हे त्याच वर्षीचं. यात पोलॉकने टाकून दिलेल्या रेखाटनांचे तुकडे आहेत. इथे टीकाकारांच्या लेखण्या सरसावतात. नवऱ्याचं चित्र कापलं म्हणजे सूड, किंवा त्याला आपल्यात सामावून घेणं, किंवा श्रद्धांजली. (माणूस तेव्हा जिवंत होता, एवढं तरी ध्यानात ठेवावं.) पोलॉकचं दारूचं व्यसन तेव्हा पुन्हा जोरात होतं, चित्रं काढणं जवळजवळ थांबलेलं होतं, हे खरं. घरात हे चाललेलं असताना कोण काय कापतंय याला अर्थ असणारच. पण चित्रासमोर उभं राहिलं की त्याचे शिंतोडे आणि तिचे तुकडे यांत मालकीहक्काची सीमारेषा दिसत नाही. तिने त्याच्या रेषेला जास्तीचा मान दिला नाही आणि अपमानही केला नाही. आपल्या कपट्यांना लावलेला न्याय त्याच्या कपट्यांना लावला. त्या लग्नात तिला बरोबरीची वागणूक कुठे मिळाली असेल तर ती स्वतःच्याच कॅनव्हासवर, असं म्हणायचा मोह होतो. म्हणूनही टाकतो.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. हे सगळं आत्मपरीक्षण कशावरून? नुसती काटकसरही असू शकेल. ताणून, अस्तर (रंगाआधीचा लेप) देऊन तयार असलेला मोठा कॅनव्हास फुकट पडून आहे, पैसे नाहीत, मग वापरला. यात तथ्य आहे. पण काटकसरीला पालथी बाजू पुरली असती, किंवा पांढरा हात. जुनं चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्यातलं काय ठेवायचं, काय झाकायचं हे तुकड्यागणिक ठरवणं हे खर्च वाचवणाऱ्याचं काम नाही.

शिवाय यात तेलरंगाचा स्वभावही आहे, ज्याकडे कलासमीक्षक सहसा वळत नाहीत. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरून कोरडा वाटणारा जाड थर आतून कित्येक महिने ओला असतो. ओलसर तेलावर पाण्यात मिसळणारा डिंक धरत नाही, कागद काही दिवसांत सुटून येतो. क्रास्नरच्या हाताखालचे कॅनव्हास तोवर तीन-चार वर्षं मुरलेले होते. तसे मुरण्यासाठीच ते पडून होते असं नाही, पण पडून होते म्हणून ते कागद पेलू शकले, असा माझा तर्क आहे. न विकलं गेलेलं चित्र असंही कामाला येतं.

उलट बाजूचा धोका म्हणजे कागदावर थेट तेलरंग. अस्तर न दिलेला कागद तेल पितो, रंगाभोवती पिवळट कडा धरतो आणि वर्षांनुवर्षांत ठिसूळ होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर कागद दमट होऊन फुगतो, कॅनव्हास सैल पडतो आणि मधला डिंक दोघांच्या भांडणात सापडतो. आपल्याकडे हा प्रयोग करणाऱ्याने कागदाला आधी दोन्ही बाजूंनी अस्तर द्यावं आणि जूनमध्ये सुरुवात करू नये, एवढंच सांगतो.

सप्टेंबर 1955मध्ये ही कोलाजं न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत लागली. एलेनॉर वॉर्ड यांची ही गॅलरी पूर्वी खरोखरच घोड्यांचा तबेला होती, आणि हवा दमट झाली की जुन्या घोड्यांचा वास यायचा म्हणतात. चित्रकार असूनही 'आर्टन्यूज' या कलाविषयक नियतकालिकात परीक्षणं लिहिणाऱ्या फेअरफील्ड पोर्टरने दखल घेतली. ही चित्रं भव्य रचनेपेक्षा एका सूक्ष्म अव्यवस्थेची जाणीव करून देतात, असं त्याचं म्हणणं. चांगला डोळा. त्या काळचा सर्वात वजनदार समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गने पुढे कधीतरी हे प्रदर्शन त्या दशकातल्या मोठ्या घटनांपैकी होतं असं म्हटल्याचं सांगतात. म्हणायला काय जातं? वेळेवर छापून लिहायला हवं होतं, ते त्याने लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी, 11 ऑगस्ट 1956च्या रात्री, पोलॉक गाडी चालवताना अपघातात गेला. क्रास्नर तेव्हा पॅरिसमध्ये होती. त्यानंतर तिने कोठारात काम सुरू केलं, कॅनव्हास मोठे झाले. 1959पासून दोन-तीन वर्षं झोप उडाली होती तेव्हा ती रात्री दिव्याच्या उजेडात चित्रं काढायची. दिव्याखाली रंगांचा भरवसा नाही म्हणून तिने रंगच सोडले आणि मातकट तपकिरी व पांढऱ्यावर भागवलं. ही चित्रं वेगळ्या लेखाचा विषय आहेत. इथे एवढंच की या बाईचा अंतर्मुखपणा कायम एखाद्या व्यावहारिक अडचणीला धरून चालतो. खोली लहान, कॅनव्हास विकला न गेलेला, उजेड दिव्याचा.

इथे मला वासुदेव गायतोंडे आठवतात. नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले, जे.जे.त शिकलेले, आणि 1964मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाऊन आलेले. गायतोंड्यांच्या चित्रांना आपण ध्यान, मौन, झेन असे शब्द चिकटवतो. पण हात काय करत होते? रोलरने रंग पसरणं, सुरीने खरवडणं, आणि वर्तमानपत्रांचे-मासिकांचे फाडलेले कागद रंगात दाबून परत उचलून घेणं. कागद निघून जातो, त्याचा ठसा राहतो. क्रास्नरकडे कागद राहतो. दोघांचाही फाडलेल्या कागदावर विश्वास होता, फक्त एकाने पाहुण्याला निरोप दिला आणि दुसरीने त्याला घरातच ठेवून घेतलं. कोण जास्त अंतर्मुख असा सवाल विचारण्यात अर्थ नाही. पण गायतोंड्यांची शांतता आणि क्रास्नरचा खडखडाट एकाच साधनातून निघाले, हे दिसलं की मौन वगैरे शब्द जरा जपून वापरावेसे वाटतात.

हे प्रकरण 1955मध्ये मिटलं असतं तर त्याला एका कठीण काळातला प्रसंग म्हणता आलं असतं. पण वीस वर्षांनी ते पुन्हा उघडलं. सत्तरीच्या दशकात स्प्रिंग्जच्या घरातून जुने गठ्ठे बाहेर निघाले. त्यांत हॉफमनच्या शाळेतली, 1937 ते 40मधली तिची कोळशाची रेखाटनं होती. नग्नाकृती आणि स्थिरचित्रं, घनवादी वळणाची. कोळसा पक्का न करता कागद एकावर एक ठेवलेले, त्यामुळे इतक्या वर्षांत एका कागदावरचा कोळसा दुसऱ्याच्या पाठीवर उतरला होता. प्रत्येक रेखाटनाची एक उलटी, फिकट सावली तयार झालेली. काही चांगली रेखाटनं तिने बाजूला काढून जपली. उरलेली कापली. या वेळी फाडली नाहीत, कात्रीनेच कापली, टोकदार, सुबक. आणि त्या सावल्याही कापून वापरल्या.

म्हणजे काळाने काढलेली चित्रंसुद्धा तिने आपल्या कामात घेतली. या प्रकरणात मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच.

या मालिकेतली अकरा कामं 1977च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पेस गॅलरीत लागली. मालिकेच्या नावात 'पाहणे' या क्रियापदाचे अकरा वापर आहेत, आणि एकेका चित्राचं नाव व्याकरणाच्या पुस्तकातून घेतलेलं. 'इम्परेटिव्ह' म्हणजे आपला आज्ञार्थ. 'पास्ट कंटिन्युअस' म्हणजे अपूर्ण भूतकाळ. 'प्रेझेंट परफेक्ट', पूर्ण वर्तमानकाळ. 'प्रेझेंट कंडिशनल', आपल्या संकेतार्थाच्या घरातलं. शाळेत काळ आणि अर्थ घोकलेल्या मराठी वाचकाला यातली खोच पटकन कळावी. अपूर्ण भूतकाळ म्हणजे 'मी पाहत होते'. क्रिया मागे पडली, पण वाक्यात ती अजून चालू आहे. चाळीस वर्षांपूर्वीचं रेखाटन 1976च्या कॅनव्हासवर नेमकं हेच करतं. आणि संकेतार्थ म्हणजे 'पाहिलं असतं तर', ज्यात सगळ्या न झालेल्या प्रदर्शनांचा हिशेब येतो. विद्यार्थिनीच्या कामाला साठी उलटलेल्या बाईने आज्ञार्थात 'बघ' म्हणावं, यात थोडा खट्याळपणाही आहे, जो तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक गंभीर लोक विसरतात.

1953 आणि 1976 शेजारी ठेवले की फरक दिसतो. पहिल्या वेळी हात आधी चालला आणि डोळे काही आठवड्यांनी पोचले. दुसऱ्या वेळी डोळ्यांनी आधी निवड केली. पहिल्यात तेलरंग भरपूर, कपट्यांच्या मधली प्रत्येक जागा बोलती. दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी कोरा कॅनव्हास तसाच सोडलेला. तिच्या एकूण कामाच्या अधिकृत सूचीत, 1995मध्ये निघालेल्या, सहाशेच्या आसपासच नोंदी आहेत. पन्नास वर्षं काम केलेल्या चित्रकाराला हा आकडा लहान आहे. कापलं-झाकलं किती, त्याची नोंद कुठे असणार!

19 जून 1984 रोजी ती गेली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं सिंहावलोकन प्रदर्शन त्याच वर्षाच्या डिसेंबरात लागलं. आदल्या वर्षी ह्यूस्टनमध्ये ते सुरू झालेलं तिने पाहिलं होतं, न्यूयॉर्कचं मात्र राहिलं.

स्प्रिंग्जचं घर आता पाहायला खुलं आहे. कोठारात जाताना पायांत मऊ स्लिपर घालायला देतात. पोलॉकने 1953मध्ये थंडी-वाऱ्यासाठी कोठाराची डागडुजी केली तेव्हा जमिनीवर दाबलेल्या लाकडाच्या फळ्या टाकल्या होत्या. क्रास्नरच्या मृत्यूनंतर त्या काढल्या तर खाली त्याच्या गाजलेल्या चित्रांचे शिंतोडे जसेच्या तसे निघाले. लोक खाली बघत चालतात. भिंतींवर, जिथे क्रास्नर नंतर कॅनव्हास टांगून काम करायची, तिच्या ब्रशचे फटकारे कॅनव्हासच्या कडेबाहेर गेलेले अजून आहेत, मधे चित्राच्या मापाची रिकामी चौकट सोडून.